आप्पांची पट्टी आणि गाडीतला डबा

मी बेळगावचा, अनगोळचा. ग्रुपवर सगळे आपापल्या घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल लिहितात. कुणाकडं पणजीचं जातं असतं, कुणाकडं संस्थानकाळातली पगडी. आमच्याकडं तसलं काही नाही. आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक काळा डबा आहे, एका बाजूनं तिरका. पाहुण्यांची पोरं स्टूल समजून त्यावर बसतात. तो गाडीतल्या सबवूफरचा डबा आहे. २०११ साली मी आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराच्या मागच्या अंगणात तो केला. आज त्याचीच गोष्ट लिहितो.

आधी आप्पांबद्दल सांगायला पाहिजे. आप्पा पॅटर्नमेकर. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये त्यांनी ३१ वर्षं काढली. बेळगावच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण बडोदा, इंदूरकडच्या मंडळींसाठी सांगतो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडात प्रतिकृती करतात, तो पॅटर्न. पॅटर्नभोवती वाळू घट्ट ठोकायची, मग तो अलगद वर काढून घ्यायचा. मागं राहते ती पोकळी. तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पंपाची बॉडी म्हणा, मोटारीचं कव्हर म्हणा, सगळ्याचा जन्म असा. माल बाहेर पडला की त्यावर कंपनीचं नाव. पॅटर्न परत फळीवर जाऊन बसतो, त्याला कोण विचारतंय? आप्पांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "पोकळी बरोबर तर माल बरोबर."

या कामानं आप्पांच्या दोन गोष्टी नेल्या. १९८८ साली बँडसॉवर डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. दुसरी गोष्ट हळूहळू गेली, त्यामुळं ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पॅटर्न शॉपच्या भिंतीपलीकडं फेटलिंग चालायचं, म्हणजे ओतून आलेला माल छिन्नीनं तासणं, ग्राइंडरनं घासणं. दिवसभर तो कर्कश आवाज. कानात बोळा घालायची पद्धत त्या काळी नव्हती. निवृत्त होईपर्यंत आप्पांचे कान बऱ्यापैकी गेले होते.

बोटांचं त्यांना फारसं दुःख झालं नाही. आप्पा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात आणि ते अंग उघड्या पंज्यानं वाजवतात. "डाव्या हाताला बोटं कशाला पाहिजेत? पंजा पुरे," असं म्हणून ते दोन महिन्यांत परत मंडळात बसले होते. कानाचं मात्र तसं झालं नाही. २००९ मधल्या एका एकादशीला टाळकऱ्यांनी लय वाढवली आणि आप्पा मागंच राहिले. टाळ त्यांना ऐकूच येत नव्हते. गाणाऱ्यांनी वळून हातानं खूण केली, थांबा म्हणून. कुणी काही वाईट बोललं नाही. पण आप्पा घरी आले, पखवाजाला गवसणी घातली आणि तो खुंटीला टांगला. पुन्हा मंडळात गेले नाहीत.

कानाच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. त्यांनी कागदावरचा आलेख दाखवला. खालच्या आवाजांची रेघ ठीक होती, पुढं ती उतरत गेली होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. गोंगाटात काम केलेल्या माणसांचं असंच होतं म्हणाले. कानात घालायचं यंत्र घेतलं. मंडळाच्या आवाजात ते शिट्टी मारायचं, म्हणून ते टेबलाच्या खणात गेलं. घरात आम्ही सगळे एकच वाक्य म्हणायला लागलो, "आप्पांना ऐकू येत नाही." तो आलेख मीही बघितला होता. तरी मीही तेच म्हणत होतो.

२४ जानेवारी २०११ ला भीमसेनजी गेले. गदगचे भीमसेनजी म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला घरचेच. टीव्हीवर दिवसभर त्यांचेच अभंग लागले होते. आप्पा समोर बसून होते. दुपारी कधीतरी मला म्हणाले, "आवाज बंद केलाईस काय?" आवाज चांगला मोठा होता. मी आणखी वाढवला. ते थोडा वेळ बसले आणि उठून आत गेले.

आता खरं सांगतो. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी सबवूफर घेतला तो आप्पांसाठी वगैरे अजिबात नाही. माझं वय तेव्हा ३४. सेकंडहँड वॅगन आर घेतली होती. चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना गाडी दणाणली पाहिजे, मित्रांनी बघितलं पाहिजे, एवढंच डोक्यात. १२ इंची स्पीकर आणि अॅम्प्लिफायर घेतल्यावर खिसा रिकामा झाला. तयार डबा परवडेना. म्हटलं, सहा फळ्यांचा डबा तर आहे. पॅटर्नमेकरच्या पोराला एवढं जमणार नाही?

स्पीकरबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की बंद डबा १ घनफुटाचा पाहिजे, म्हणजे साधारण २८ लिटर. मी ४० बाय ३४ बाय २१ सेंटिमीटर असा हिशेब केला. १२ मिमीचा कमर्शियल प्लाय आणला. आप्पा दुपारचे झोपलेले असताना त्यांच्या हत्यारांच्या पेटीतली स्टीलची पट्टी काढली आणि पुढची-मागची फळी आखली. मध्ये कुणीतरी आलं, पट्टी भुशात कुठं गेली ती सापडेना, म्हणून उरलेल्या चार फळ्या टेपनं आखल्या. खिळे ठोकताना बघतो तर काही केल्या कडा जुळेनात. रुंदीत ४ मिमीचा फरक. करवत तिरकी गेली असेल म्हणून मी सगळ्या फटी लांबीनं भरल्या, वरून काळा रंग मारला आणि डबा डिकीत बसवला.

रविवारी सकाळी दारातच लावून बघितला. आवाज मोठा आला, पण एकसुरी. कुठलंही गाणं लावा, खालून एकच "धप्प, धप्प". वर नंबरप्लेट थरथरायची ती वेगळीच. आई बाहेर येऊन म्हणाली, "हे काय मिरच्या कांडालाईस काय?" तिच्या मागनं आप्पा आले. मला वाटलं त्यांना आवाजाचा त्रास झाला. ते काही न बोलता डिकीशी वाकले आणि डब्याच्या कडेवरून हाताचा पंजा फिरवत नेला. कोपऱ्यावर हात थांबला.

"हवा जाते की रे ह्यातनं."

मी ओरडूनच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला लागते की." मग त्यांची नजर फळ्यांच्या जोडावर गेली, तिथनं माझ्या हत्यारांच्या पसाऱ्यावर. भुसा झाडताना सापडलेली पट्टी वर पडली होती. "ही पट्टी कुठनं घेतलास?"

"तुमच्या पेटीतनं."

आप्पा हसायला लागले. चांगले खो खो हसले. पखवाज खुंटीला लागल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

ती पट्टी साधी नव्हतीच. ती कॉन्ट्रॅक्शन स्केल. बिडाचं लोखंड ओतलं की थंड होताना आकसतं, साधारण मीटरला १० मिमी. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी एकेक मापाचा हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवर सेंटिमीटरच मोठे आखलेले असतात. तिच्यावरचे ४०० मिमी म्हणजे खरे ४०४. बघायला इतर पट्ट्यांसारखीच. आप्पा म्हणाले, "ह्या पट्टीवरचं माप आज खोटं असतंय. लोखंड गार झालं की खरं होतंय." लहानपणी ती पट्टी घेऊन मी वहीत रेघा मारल्या म्हणून फटका खाल्ला होता. का ते वयाच्या ३४ व्या वर्षी कळलं.

मग त्यांनी विचारलं, "आत किती जागा पाहिजे?"

"२८ लिटर."

"आतनं मोजलास काय बाहेरनं?"

मी गप्प. बाहेरून मोजलं होतं. प्लायची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली तर आत २२ लिटर. त्यात स्पीकरचं मागचं लोहचुंबक आणि सांगाडा दोन-अडीच लिटर जागा खाणार. म्हणजे उरले २० लिटरसुद्धा नाहीत. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखं काम करते. जागा कमी तेवढी स्प्रिंग कडक. मग स्पीकर खाली उतरतच नाही, वरच्या एका सुरावर अडकून तोच ठोकत राहतो. माझं "धप्प, धप्प" ते हेच होतं, आणि उरलेलं काम फटींनी केलं होतं.

आप्पांना ना स्पीकर माहीत, ना हर्ट्झ. पण हे त्यांना माझ्या आधी कळलं. म्हणाले, "तू डबा केलास. पोकळी कोण करणार?"

त्यांनी हत्यारांची पेटी अंगणात ओढत आणायला सांगितली. आई म्हणाली, "मशिनीला हात लावायचा नाही हं." बोटं गेली तेव्हा तिनं तशी शपथच घातली होती. आप्पा म्हणाले, "मशीन हा चालवेल. मी रंधा मारतो."

पुढचे दहा-बारा दिवस संध्याकाळचे आणि दोन रविवार आम्ही त्यात होतो. पहिल्या दिवशी लाकडाला हातसुद्धा लावला नाही, नुसती मापं घेतली. मागच्या सीटची पाठ तिरकी असते. चौकोनी डबा ठेवला की मध्ये त्रिकोणी जागा वाया जाते आणि डबा हलतो. आप्पांनी पेटीतनं सरकत्या पात्याचा गुण्या काढला, एक पातं डिकीच्या तळाला, दुसरं सीटच्या पाठीला टेकवून स्क्रू आवळला. आतला कोन कागदावर उतरवला तर उभ्यापासून १४ अंश. मग जुन्या डायरीत आकृती काढली: रुंदी ४४० मिमी, उंची ३६०, खाली खोली ३३०, वर २४०. फळ्या १८ मिमीच्या. आतलं माप वेगळं काढलं, सरासरी खोली धरून गुणाकार केला, आला साडेबत्तीस लिटर. त्यातनं स्पीकरचे अडीच आणि आतल्या आधारपट्ट्यांचे दीड वजा केले. उरले साडेअठ्ठावीस. "झालं की तुझं घनफूट," म्हणाले. कॅल्क्युलेटर माझ्या हातात होता, उत्तर त्यांचं आधी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एमडीएफ बघून मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. उभा जन्म सागवानावर काढलेला माणूस. फळीच्या कडेवर नख ओढून म्हणाले, "हे लाकूड न्हवे. लगदा आहे, लगदा. रेषाच न्हाईत." मी सांगितलं की रेषा नाहीत म्हणूनच घेतात. वजनदार असतं, सगळीकडं सारखं असतं, थरथरत नाही आणि पिळत नाही. त्यांनी फळी बोटानं ठोकून बघितली. आवाज मेलेला आला. "हां," म्हणाले, "म्हणजे हे स्वतः काही बोलत न्हाई." एवढं प्रमाणपत्र मिळाल्यावर फळी घेतली. सरळ काप दुकानातल्या मोठ्या करवतीवर करून घेतले. मोजायला नवी टेप, आणि शेवटपर्यंत तीच एक टेप. मधल्या फळ्यांची रुंदी ४४० वजा दोन्ही बाजूंचे ३६, म्हणजे ४०४. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "आता ४०४ खरं ४०४ आहे," म्हणाले.

दुकानातला काप काटकोनात. सीटच्या बाजूची कड १४ अंशांत उतरवायची होती. ती आप्पांनी हातरंध्यानं उतरवली. फळी अंगणातल्या बाकाला मी दोन्ही हातांनी दाबून धरलेली, ते रंधा मारतात, दर चार-पाच हातांनी गुण्या लावून बघतात, परत मारतात. डाव्या हाताची दोन आखूड बोटं रंध्याच्या पुढच्या मुठीवर बरोबर बसायची. शेवटी गुण्या लावल्यावर मागून उजेड दिसेना झाला, तेव्हा म्हणाले, "साकु." पॅटर्न शॉपमध्ये मराठी आणि शेजारी मोल्डिंगमध्ये कानडी, अशी त्यांची ३१ वर्षं गेली. काम पुरं झालं की तोंडातनं कानडीच यायचं. साकु म्हणजे पुरे. एमडीएफचा भुसा फार बारीक, नाकात जातो, म्हणून दोघांच्या तोंडाला टॉवेल बांधलेले. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, "चोऱ्या करायला निघालाय काय बापलेक?"

स्पीकरचं भोक पाडणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं. भोक २८० मिमीचं, आणि फळीला कडेला फार जागा नाही. आप्पांनी एक लाकडी पट्टी घेतली, एका टोकाला खिळा, त्यापासून बरोबर १४० मिमीवर पेन्सिलीपुरतं छिद्र. खिळा मधोमध टेकवून पट्टी फिरवली, वर्तुळ तयार. रेघेच्या आत ड्रिलनं छिद्र पाडून त्यात मी जिगसॉचं पातं घातलं. "रेघेवर जाऊ नको. रेघ शिल्लक ठेव. लाकूड काढता येतंय, लावता येत न्हाई." जिगसॉच्या आवाजात मला त्यांचं ऐकू येत नव्हतं. ते खूण करून सांगत होते, सावकाश, आणखी सावकाश. मध्येच मला जाणवलं, की गेली दोन वर्षं आम्ही त्यांच्याशी बोलताना नुसते ओरडत होतो. खुणेनं बोलायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

उरलेलं भोक कानशीनं रेघेपर्यंत आणलं. स्पीकर ठेवला, टक्क बसला.

जोडणीला मी परत खिळे काढले, तर त्यांनी डबीच उचलून बाजूला ठेवली. आधी छिद्र, मग स्क्रू. एमडीएफच्या कडेत तसाच स्क्रू घातला तर फळी पुस्तकासारखी उलगडते. दोन्ही कडांना फेविकॉल, मग १५-१५ सेंटिमीटरवर स्क्रू. "धरतो तो गोंद. स्क्रू नुसता गोंद वाळेपर्यंतचा पाहुणा." फळीबाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसला आणि २४ तास हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मी संध्याकाळी हळूच हलवून बघायला गेलो, तर आप्पा खुर्ची टाकून डब्याशेजारीच बसलेले.

आतले सांधे भरायची त्यांची रीत मी कुठल्या दुकानात बघितली नाही. फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून चिकट लगदा केला आणि आतल्या प्रत्येक कोपऱ्यात अंगठ्यानं गोलाई देत भरत गेले. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्याला ते मेणानं अशीच गोलाई द्यायचे, कारण टोकदार कोपरा राहिला तर ओतीव माल तिथंच तडकतो. इथं तडकायला काही नव्हतं. पण कोपरा उघडा ठेवणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. हात भोकातनं कोपरापर्यंत आत, डोळे मिटलेले, नुसत्या स्पर्शानं काम चाललेलं. मी बॅटरी धरून उभा होतो, तिची त्यांना गरज नव्हती.

आत उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस सैलसर पसरला, त्यानं डबा आतून थोडा मोठा असल्यासारखा वागतो. वायरीची टोकं जोडायचा कप बसवला. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावून तो आवळला. जोडणी सुलटी आहे का बघायला दीड व्होल्टचा सेल वायरीला टेकवला, तर स्पीकरचा पडदा टुण्‌कन बाहेर आला. आप्पांनी तो सेल माझ्या हातातनं घेतला आणि चार-पाच वेळा टेकवून बघितला, लहान पोरासारखा.

मग फटींची परीक्षा. गाडीत डबा ठेवून मी बारीक आवाजात एकच खालचा सूर लावला. आप्पांनी देवघरातनं उदबत्ती पेटवून आणली आणि प्रत्येक जोडाजवळून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. वायरीच्या कपापाशी आला आणि थरथरला. कप काढून खाली फोम घालून परत बसवला. पुन्हा उदबत्ती. धूर सरळ. "साकु."

त्या संध्याकाळी मी गोव्यासाठी जमवलेली गाणी लावणार होतो. पण आप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले होते, पाठ टेकून, बरोबर डब्याच्या पुढं. सीडींचं पाकीट चाळताना भीमसेनजींच्या अभंगांची सीडी हाताला लागली. आईची असावी. ती लावली. आवाज मोठा केला, तर त्यांनी हातानं खूण केली, कमी कर. कमी केला.

सुरुवातीला त्यांचा चेहरा टीव्हीसमोर असायचा तसाच होता. मग पखवाज सुरू झाला. मी आरशातनं बघत होतो. आप्पांनी मान थोडी वर केली. डावा हात मांडीवर आला. दोन-तीन आवर्तनं ते नुसते बसून राहिले आणि मग पंजा उघडा पडायला लागला, बरोबर समेवर. मला वाटलं आता डोळ्यात पाणीबिणी येणार. तसलं काही झालं नाही. अभंग संपल्यावर म्हणाले,

"पखवाज चांगला लावलाय. कणीक बरोबर आहे."

त्या रात्री मला तो कानाच्या डॉक्टरांचा कागद आठवला. खालच्या आवाजांची रेघ ठीक होती. टाळ, शब्द, गळ्यातल्या हरकती हे सगळं वरचं, ते आप्पांच्या कानातनं गेलेलं. आणि टीव्हीच्या, मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधनं खालचा आवाज बाहेर पडतच नाही, त्याला हवा ढकलायला जागाच नसते. म्हणजे जे कानाला चाललं असतं ते यंत्रात नव्हतं आणि जे यंत्रात होतं ते कानाला चालत नव्हतं. दोन्हीकडनं कापून मध्ये काही उरत नव्हतं. आम्ही आवाज वाढवत होतो तो वरचाच. आप्पांना ऐकू येत नाही, हे आमचं वाक्य अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं कुणी मोजलं नव्हतं. आणि मी ते मोजलं असंही नाही, मी माझ्या हौसेला गेलो होतो.

खोटा गोड शेवट करत नाही. आप्पा भजनी मंडळात परत गेले नाहीत. टाळ ऐकू न येता मंडळात बसणं त्यांना पटत नव्हतं. कानही सुधारले नाहीत. पण खुंटीवरचा पखवाज खाली आला. एकादशीच्या आधी आईकडनं कणीक मागून घ्यायचे, डाव्या अंगाला लावायचे, थाप मारून बघायचे, थोडी काढायचे, परत लावायचे. उजवं अंग सुरात आहे का हे मला विचारायचे. मला त्यातलं काय कळतंय? तरी मी मान हलवायचो. आणि रविवारी संध्याकाळी गाडीतनं एक फेरी, अनगोळहून निघून मच्छे, पिरनवाडीकडं आणि परत. मागच्या सीटवर आप्पा, त्यांच्या पाठीमागं डबा. गोव्याला त्या सबवूफरवर दणाणत मी एकदाच गेलो. मित्र म्हणाले, आवाज लहान आहे. आवाज लहान नव्हता, स्वच्छ होता. पण ते सांगत बसलो नाही.

आप्पा २०१८ साली गेले. दोन वर्षांनी गाडी विकली. घेणारा म्हणाला, सबवूफर असू दे, त्याचे थोडे जास्त देतो. मी डबा काढून घरी आणला. त्यातला स्पीकर आजवर दोनदा बदललाय. डबा तोच. एक जोड उघडला नाही, एक कोपरा बोलत नाही. आता माझा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो घरच्या टीव्हीला जोडूया. जोडू. मागच्या आठवड्यात त्याच्यासाठी एक फळी आखायची होती, तर तो आप्पांच्या पेटीतनं एक स्टीलची पट्टी घेऊन आला. मी विचारलं, "ही कुठनं घेतलास?" आणि मलाच हसू आलं.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी फौंड्रीतल्या माणसाची पेटी असेल तर तिच्यातल्या पट्टीनं काही मोजायच्या आधी ती एकदा साध्या पट्टीशेजारी ठेवून बघा. आणि घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर काय ऐकू येतंय तेही एकदा विचारा.